रमा नावाच्या बायका : प्रस्तावना

अमरकोशात लक्ष्मीची नावं ओळीनं येतात : पद्मालया, पद्मा, कमला, श्री, हरिप्रिया, इंदिरा, लोकमाता, मा, रमा. शंभर वर्षांपूर्वीच्या गिरगावातल्या मुलींच्या शाळेत हजेरी घेतली जायची तेव्हा यातली बरीच नावं एका दमात पुकारली जात. कमल, इंदू, पद्मा आणि रमा एकाच बाकावर बसत आणि आपण चौघी एकाच देवीच्या नावानं ओळखल्या जातो हे त्यांच्या गावीही नसे. या पुस्तकानं त्या बाकावरची एकच मुलगी निवडली आहे. रमा. दोन अक्षरांचं नाव, जोडाक्षर नाही, उच्चारायला सोपं, आणि गेल्या दीडशे वर्षांत गावदेवीपासून परळपर्यंत इतक्या वेगवेगळ्या घरांत वावरलेलं की त्याचा माग काढताना या भागाचा निम्मा सामाजिक इतिहास हाती लागतो.

नावाचा अर्थ विचारला की आपण कोश उघडतो. कोश सांगतो : रम् हा धातू, अर्थ क्रीडा करणं, आनंद पावणं, रमा म्हणजे आनंद देणारी, म्हणून लक्ष्मी. राम आणि रमण त्याच धातूचे. आराम आणि विरामही त्याचेच. मराठीत तो धातू आजही रोजच्या वापरात आहे. पोर खेळात रमतं, नवी सून घरात रमली का असं शेजारीण विचारते. हे सगळं खरं आहे. पण नायगावच्या बीडीडी चाळीत एखाद्या बौद्ध कुटुंबानं मुलीचं नाव रमा ठेवलं, तर त्या घरात विष्णुपत्नीचा विचार कुणीही केलेला नसतो. तिथं रमा म्हणजे रमाई, बाबासाहेबांची रमाई. आणि गावदेवीत जी शिकलीसवरलेली आजी आपल्या नातीला हेच नाव सुचवते, तिच्या मनात कदाचित रमाबाई रानडे असतात. ध्वनी एक, अर्थ दोन, आणि त्या दोन्ही अर्थांना धातुपाठाचा आधार लागत नाही. नावाचा अर्थ ते नाव वागवून गेलेल्या बायका घडवतात, हे मला या पुस्तकाचं मुख्य सांगणं वाटतं आणि ते मला पूर्ण पटलेलं आहे.

नावांच्या अभ्यासाशी ज्यांची ओळख नाही, त्यांच्यासाठी या क्षेत्रातल्या वाटा थोडक्यात सांगते. सर्वांत जुनी वाट व्युत्पत्तीची. यास्काच्या निरुक्तात एक वाद नोंदलेला आहे. सगळी नामं धातूंपासूनच निघाली असं शाकटायन म्हणतो, तर गार्ग्य म्हणतो की सगळीच नाहीत. काही नामं रूढीनं चिकटलेली असतात, त्यांत धातू शोधत बसू नये. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा वाद आपल्या विषयाला अगदी लागू पडतो. शाकटायनाच्या बाजूनं पाहिलं तर रमा म्हणजे रमवणारी. गार्ग्याच्या बाजूनं पाहिलं तर रमा म्हणजे लोक जिला रमा म्हणतात ती. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी नामांच्या व्युत्पत्तीचा जो प्रचंड खटाटोप केला तो शाकटायनाच्या वाटेवरचा. त्या वाटेनं मराठीला खूप काही दिलं. मात्र व्यक्तिनामाच्या बाबतीत मी गार्ग्याकडे झुकते.

दुसरी वाट धर्मशास्त्राची, म्हणजे नाव काय असावं हे सांगणारी. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात बायकांच्या नावाबद्दल एक श्लोक आहे. ते सुखानं उच्चारता यावं, कठोर नसावं, अर्थ स्पष्ट असावा, मनाला आवडावं, मंगल असावं, शेवटी दीर्घ स्वर असावा आणि त्यात आशीर्वाद असावा, असा त्याचा आशय. रमा हे नाव या सगळ्या अटींत बसतं. त्याच अध्यायात थोडं आधी शूद्राचं नाव निंदाव्यंजक असावं असंही सांगितलेलं आहे, आणि हे दोन श्लोक एकत्र वाचल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. कुणाच्या मुलीनं मंगल नाव घ्यावं आणि कुणाच्या मुलानं हिणकस, याचे नियम होते. दापोलीजवळच्या वणंद गावातल्या एका महार कुटुंबातल्या मुलीला, म्हणजे पुढच्या रमाईला, रमा म्हटलं गेलं, त्या नावाचं वजन या पार्श्वभूमीवर मोजायला हवं.

तिसऱ्या अध्यायात आणखी एक नियम आहे. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, साप यांच्या नावाची मुलगी वधू म्हणून निवडू नये. महाराष्ट्रानं हा नियम कधी मनावर घेतला नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भीमा, सरस्वती अशा नद्यांनी इथले संसार भरलेले होते. तरीही एक गोष्ट नजरेत भरते. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुना. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये विधवांच्या दुःखावर कादंबरी लिहिली, तिचं नाव 'यमुनापर्यटन', आणि हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मधली नायिकाही यमू. एकोणिसाव्या शतकातली यमुना सासरी गेली की दुसरं नाव घेई. दोघींच्या बाबतीत मनूचा श्लोक कारणीभूत होता असं म्हणायला काही आधार नाही. लग्नानंतर नाव बदलण्याचा रिवाज एवढं कारण पुरेसं होतं.

तो रिवाज जवळून पाहण्यासारखा आहे, कारण मुंबईत तो अजून टिकून आहे. लग्न लागल्यावर, घरात लक्ष्मीपूजनाच्या वेळी, ताटात तांदूळ पसरतात. नवरा हातातली सोन्याची अंगठी काढून तिच्या कडेनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो. जमलेले वाकून वाचतात, मोठ्यानं उच्चारतात, पेढे वाटले जातात. थोड्या वेळानं ते तांदूळ गोळा होतात आणि अक्षरं मोडतात. नाव मात्र राहतं, तिच्या हयातभर. बारशाला आत्या पाळण्याशी वाकून कानात कुर्रर्र करून नाव सांगते, तेव्हा बाळाला विचारण्याचा प्रश्नच नसतो. लग्नात मात्र मुलगी समोर बसलेली असते, बोलू शकत असते, आणि तरी तिला विचारलं जाईलच असं नव्हतं. आता पुष्कळ मुली नाव बदलत नाहीत, काहीजणी आवडीनं बदलतात. या पुस्तकात दोन्ही तऱ्हेच्या बायका बोलल्या आहेत आणि संपादकांनी कुणाचीही बाजू घेतलेली नाही, हे मला योग्य वाटतं.

नावं जुळवण्याचीही एक रीत होती. माधव म्हणजे 'मा'चा, लक्ष्मीचा, धव म्हणजे पती. म्हणून माधवला रमा शोभते. थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई ही जोडी मराठी मनात कायमची बसलेली आहे. रमाबाई १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला सती गेल्या. रणजित देसाईंच्या १९६२ च्या 'स्वामी' कादंबरीनं त्या जोडीला घराघरांत नेलं, आणि २०१४ मध्ये 'रमा माधव' हा चित्रपटही आला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनाही लोक माधवरावच म्हणत. त्यांच्या घरात आलेली यमुना रमा झाली, तेव्हा हीच जोडी जुळली.

उलटा प्रवासही झाला आहे आणि तो कुणी फारसा मोजत नाही. रमेश, रमाकांत, रमापती, रमानाथ ही पुरुषांची नावं बाईच्या नावावर उभी आहेत. रमेचा ईश, रमेचा कांत. दादरच्या शिवाजी पार्कात मुलांच्या पिढ्यांना क्रिकेट शिकवणारे रमाकांत आचरेकर आणि दादरच्याच कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवणारे कवी रमेश तेंडुलकर, एकाच खेळाडूचे गुरू आणि वडील. दोघांच्याही नावात ही बाई आहे.

तिसरी वाट पंचांगाची. ती विद्यापीठात शिकवली जात नाही, पण तिचा प्रभाव बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. जन्मवेळेवरून नक्षत्राचा चरण काढायचा आणि त्या चरणाच्या अक्षरावरून नाव ठेवायचं. चित्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला 'रा' येतं, म्हणजे रास तूळ. लालबाग-परळच्या चाळीत भटजींना विचारून अक्षर आणलं जाई आणि मग घरातल्या बायका त्या अक्षरावरून नाव शोधत. १९७३ पासून 'कालनिर्णय' भिंतीवर आलं, तसं तिथी-नक्षत्र पाहणं घरच्या घरी होऊ लागलं. दादर स्टेशनबाहेरच्या पदपथावर मिळणारी बाळांच्या नावांची पुस्तकं याच वाटेवरची पुढची पायरी. दिनदर्शिकेत एक दिवस खुद्द रमेचा आहे : आश्विन वद्य एकादशी, रमा एकादशी. दुसऱ्या दिवशी वसुबारस, की दिवाळी लागली.

चौथी वाट साहेबांनी घातली. रिचर्ड टेंपल यांनी पंजाबातल्या व्यक्तिनामांवर लिहिलेला ग्रंथ १८८३ मध्ये निघाला तो मुंबईच्या एज्युकेशन सोसायटी प्रेसमधून. नावांच्या याद्या करायच्या, जात, धर्म, देवता, दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली ओंगळ नावं असे वर्ग पाडायचे, ही त्यांची पद्धत. आपल्याकडचे दगडू, धोंडू, कचरू याच वर्गात पडतात. पद्धत उपयोगी होती, पण तिच्यात माणसं नमुने होऊन बसली. बायका तर आणखी मागं पडल्या, कारण माहिती देणारे बहुतेक पुरुष होते.

पाचव्या वाटेबद्दल मला अधिक बोलायचं आहे. बायकांनी स्वतःच्या नावाविषयी स्वतः बोलण्याची ही वाट. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच नोंदवलं गेलं होतं. हे मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत घडलं. पण गिरणगावातली चाळ आठवून पाहा. तिथंही हाक असे ती थोरल्या मुलाच्या नावानं, भाडेपावती नवऱ्याच्या नावावर, आणि बाईचं स्वतःचं नाव गिरणीच्या वाइंडिंग खात्यातल्या हजेरीपटावर किंवा रेशनकार्डाच्या आतल्या पानावर. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) साठी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून काढून बोलतं केलं, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या लोकांकडून त्यांचा इतिहास ऐकून घेतला, तेव्हा ही नावं ती वागवणाऱ्या बायकांच्याच तोंडून छापील पानावर आली. प्रस्तुत पुस्तक याच वाटेवरचं आहे. व्युत्पत्ती आणि पंचांग ते सोडत नाही, पण शेवटचा शब्द बाईचा मानतं.

आता हे नाव वागवून गेलेल्या तिघी रमाबाई.

पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. आई लक्ष्मी आणि लेक रमा, म्हणजे घरात एकच देवी दोनदा. आईवडील दुष्काळात गेले, बहीणभाऊ देशभर पायी फिरले, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. लक्ष्मीच्या नावाच्या मुलीला सरस्वतीची पदवी मिळाली हे मला फार बोलकं वाटतं. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केल्यावर झालेल्या मुलीचं नाव त्यांनी मनोरमा ठेवलं. आईचं नाव लेकीच्या नावात वस्तीला आलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या मेरी रमा झाल्या. धर्म बदलला, देवघर गेलं, रमा राहिली. त्यांच्यासाठी ते देवीचं नाव उरलं नव्हतं, आईबापांनी दिलेलं नाव होतं.

आणि मग मुंबई. ११ मार्च १८८९ ला गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन उघडलं, उच्चवर्णीय विधवा मुलींसाठी. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, मुंबईतच राहणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांच्या मित्राची विधवा बहीण. पुढे १८९३ मध्ये कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि गोदावरीच्या आनंदीबाई झाल्या. आणखी पुढे सगळे त्यांना बाया कर्वे म्हणू लागले. पुनर्विवाह करणारा सुधारक नवरा आणि तरी नाव बदललंच. या गोष्टीत कुणाला दोष द्यायचं कारण नाही, पण सुधारणेच्या यादीत नाव किती उशिरा येतं ते इथं दिसतं. शारदा सदन १८९० मध्येच पुण्याला हललं. त्या दीड-पावणेदोन वर्षांत चौपाटीवर काय घडलं याविषयी मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे, आणि या पुस्तकातला तो भाग मी सर्वांत आधी वाचला.

दुसऱ्या रमाबाई त्यांच्याहून चार वर्षांनी धाकट्या. जन्म १८६२, देवराष्ट्रे, कुर्लेकरांची यमुना. १८७३ मध्ये लग्न, अकराव्या वर्षी. नवऱ्यानं वाचायला लिहायला शिकवलं आणि घरातल्या बायकांनी त्याबद्दल टोचून खाल्लं, हे त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) मध्ये सांगितलं आहे. त्या पुस्तकात त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत; 'स्वतः' असा त्यांचा उल्लेख करतात. जिचं नाव तिला न विचारता बदललं, ती त्याचं नाव उच्चारतही नाही. या एका सर्वनामात एकोणिसाव्या शतकातलं दांपत्य सगळं येतं. त्यात आदर आहे, लाज आहे आणि प्रेमही आहे, म्हणून त्यातला एकच धागा ओढून निष्कर्ष काढू नये अशी माझी वाचकांना विनंती आहे.

१८९३ मध्ये रानडे उच्च न्यायालयावर आले आणि हे कुटुंब मुंबईला आलं. १९०१ मध्ये ते गेले. त्यानंतरच्या रमाबाई वेगळ्याच. १९०८ मध्ये मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, त्याच्या अध्यक्ष रमाबाई झाल्या. पुढच्या वर्षी पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. परिचारिका, शिक्षिका, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या बायका तिथून बाहेर पडल्या. २०१२ मध्ये झी मराठीवर 'उंच माझा झोका' ही मालिका लागली आणि शंभर वर्षांपूर्वीच्या या बाईचं नाव पुन्हा स्वयंपाकघरात ऐकू येऊ लागलं. गावदेवीतलं सेवासदन ज्या रस्त्यावर आहे, त्याचं नाव पंडिता रमाबाई मार्ग. दोघी पुण्यात एकमेकींना भेटल्या होत्या. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंच्या व्याख्यानांना रमाबाई रानडे जात असत. मुंबईत एकीची संस्था दुसरीच्या नावाच्या रस्त्यावर उभी आहे.

तिसऱ्या रमाबाईंकडे येताना मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण पहिल्या दोघींनी लिहिलं आणि यांनी लिहिलं नाही. त्यांची जयंती ७ फेब्रुवारीला असते. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईचं नाव रुक्मिणी, म्हणजे पुन्हा लक्ष्मीचंच रूप. लहानपणी त्यांना रामी म्हणत असं चरित्रकार सांगतात. आईबाप गेल्यावर ही भावंडं नातलगांबरोबर मुंबईला आली आणि १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा धंदा आटोपून बाजार उठल्यावर, भीमराव रामजी आंबेडकरांशी त्यांचं लग्न लागलं. मग परळ. पोयबावडीजवळची बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ, प्लेगनंतर शहर सुधारायला निघालेल्या ट्रस्टनं कामगारांसाठी बांधलेली. नवरा १९१३ ते १९१७ अमेरिका-इंग्लंडात, पुन्हा १९२० ते १९२३ लंडनला. त्या वर्षांत घर रमाबाईंनी चालवलं. त्या शेण गोळा करून गोवऱ्या थापत आणि विकत, हे आजही परळमध्ये सांगितलं जातं. मुलं झाली त्यांची नावं यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. त्यांतला यशवंत तेवढा जगला. रमेश आणि इंदू ही नावं मी वाचली तेव्हा क्षणभर पुढं सरकता आलं नाही. एकात आईचं नाव अख्खं आहे, आणि दोन्ही मुलं आईच्या डोळ्यांदेखत गेली.

दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं गेलं, पुस्तकांसाठी बांधलेलं घर. तिथं त्या थोडाच काळ राहिल्या. २७ मे १९३५ ला राजगृहातच गेल्या. बाबासाहेबांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला आणि अर्पणपत्रिकेत रमाबाई असं न लिहिता 'रामू' लिहिलं. घरातली हाक जगासमोर छापली. रामी, रमाबाई, रामू. आणि मग लोकांनी दिलेलं चौथं नाव, रमाई.

या चौथ्या नावाची घडण आपल्या भाषेत नवी नाही. विठाई, रखुमाई, जनाई याच साच्यातली. मुंबा आणि आई मिळून मुंबई झाली ही सर्वपरिचित व्युत्पत्तीही त्याच साच्यातली. फरक इतकाच की मुंबाई देवी आहे आणि रमाई चाळीत राहून गेलेली बाई आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांत सुजाता, गौतमी, संघमित्रा, यशोधरा, प्रज्ञा, करुणा ही नावं आली आणि देवदेवतांची नावं मागं पडली. लक्ष्मी मागं पडली, कमला मागं पडली. रमा टिकली, कारण ती एव्हाना लक्ष्मी राहिली नव्हती. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या स्टॉलांसमोरून चालत जा. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरींशेजारी काठापदराची साडी नेसलेल्या, कपाळभर कुंकू लावलेल्या रमाबाईंची तसबीर असते आणि मागून गायन पार्टीच्या गाण्यांत रमाईचं नाव ऐकू येत असतं. ते नाव गाणाऱ्यांनी घराघरांत पोचवलं, आणि या गाणाऱ्यांवर अजून मनासारखा अभ्यास झालेला नाही.

रस्त्यांचं मात्र वेगळं होतं. शिवाजी टर्मिनसजवळचा माता रमाबाई आंबेडकर मार्ग रोजच्या बोलण्यात एमआरए मार्ग होतो, पोलीस ठाण्याच्या पाटीमुळे तर अधिकच. हजारो लोक रोज तिथून जातात आणि त्या तीन अक्षरांमागं कुणी बाई आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराचं नाव देशभर पोचलं ते ११ जुलै १९९७ च्या गोळीबारामुळे, ज्यात १० माणसं मारली गेली. तेव्हापासून हे नाव ऐकलं की पुष्कळांना त्या सकाळची आठवण होते. तोही आता या नावाच्या अर्थाचा भाग आहे आणि तो वगळून रमा या नावावर पुस्तक लिहिता येणार नाही.

हे सगळं आत्ताच का काढायचं, याचं एक कारण कागदोपत्री आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला की १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. आजवर आईचं नाव फॉर्मच्या खालच्या रकान्यात असे, ते नावाच्या मधोमध आलं. हा बदल छोटा नाही. त्याआधी ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात २८५ मुलींनी नकुशा हे नाव टाकून नवी नावं घेतली होती, कित्येकींनी स्वतः निवडून. नाव हा हक्काचा विषय आहे हे त्या मुलींनी कुठल्याही परिसंवादापेक्षा स्पष्ट सांगितलं.

दुसरं कारण विटामातीचं. नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, गिरगावातल्या वाड्या एकेक करून टॉवर होत आहेत, गिरण्या तर १९८२ च्या संपानंतर कधीच गेल्या. घर बदलताना ट्रंका रिकाम्या होतात. लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, माहेरच्या नावाची वही, नाव कोरलेलं तांब्याचं भांडं, असं बरंच काही रद्दीत आणि मोडीत जातं. भांड्यांचं विशेष वाटतं. लग्नात आलेल्या पातेल्यांवर, हंड्यांवर ठोक्यांनी कोरलेलं नाव हा कित्येक बायकांच्या नावाचा एकमेव टिकाऊ लेख होता. या पुस्तकासाठी काम करणाऱ्यांनी अशी भांडी पाहिली, त्यांच्यावरचं माहेरचं आणि सासरचं नाव टिपून घेतलं, आणि मग त्या बायकांशी किंवा त्यांच्या लेकीसुनांशी बोलणं केलं. ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

पुस्तकाचा आवाका मुद्दाम लहान ठेवलेला आहे. गावदेवी-गिरगाव, परळ-लालबाग, नायगाव-दादर एवढाच टापू. रमा हे नाव आपल्याला पुणे, नागपूर, बेळगाव, बडोदा कुठंही भेटेल. ते शोधण्याचं काम दुसऱ्या कुणी हाती घ्यावं. यात तिघी रमाबाईंची चरित्रं पुन्हा लिहिलेली नाहीत, ती चांगली उपलब्ध आहेत. त्यांचं नाव पुढच्या घरांत कसं पोचलं, कुठं अडलं, कुठं त्याचा 'रमी' झाला आणि कुठं 'रमाताई', याकडे लक्ष दिलं आहे. एकाच नावामागं काकू, वहिनी, आक्का, मावशी, बाई यांतलं काय लागतं यावरून त्या घराचं जातगाव आणि बाईचा मान दोन्ही कळतात, आणि त्या प्रकरणातली निरीक्षणं बारकाईची आहेत. काही लेख माझ्या मताशी जुळत नाहीत. विशेषतः नव्या पिढीत रमा, सई, मीरा अशी छोटी जुनी नावं परत येतात ती केवळ फॅशन म्हणून, हे एका लेखातलं म्हणणं मला घाईचं वाटतं. नातीला पणजीचं नाव देणाऱ्या तरुण आईनं पणजीबद्दल काही ऐकलेलं असतं, आणि ते काय ऐकलं हे विचारायला हवं होतं.

मुलाखतींतल्या बायकांची आडनावं छापलेली नाहीत, त्यांच्याच इच्छेनं. पहिलं नाव मात्र प्रत्येकीनं ठेवू दिलं, आणि जिची दोन नावं होती तिची दोन्ही छापली आहेत. आधी माहेरचं, मग सासरचं. कुठलं आधी यावं हेही त्यांनाच विचारलं होतं. बहुतेकींनी माहेरचं सांगितलं. ज्यांनी सासरचं सांगितलं त्यांच्या पानावर क्रम तसाच उलटा आहे, ती छपाईची चूक समजू नये. नवख्या वाचकानं सुरुवात परळच्या भागापासून करावी असं मी सुचवीन, मग चौपाटीकडे यावं. काळाच्या क्रमानं ते उलटं होईल, पण आवाज आधी ऐकू येतील आणि तारखा नंतर.